हिवाळ्यात घरात मुक्कामाला आलेली फुलपाखरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाहेर पानं गळून झाडं ओकीबोकी झालेली, घरात हीटर चालू, आणि अचानक खिडकीच्या काचेवर एक नारिंगी फुलपाखरू फडफडताना दिसतं. थंड प्रदेशात राहणाऱ्यांच्या घरी दर हिवाळ्यात हे घडतं आणि दर वेळी गडबड उडते. मला या दिवसांत वरचेवर विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. महिने उत्तर गोलार्धातल्या हिवाळ्याप्रमाणे दिले आहेत. फुलपाखरू आत्ता तुमच्या समोरच फडफडत असेल, तर बाकीचं नंतर वाचा. थेट सहाव्या प्रश्नावर जा.

१. ऐन हिवाळ्यात हे घरात आलं कुठून?

ते आत्ता आलेलंच नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तुमच्या खिडक्या उघड्या होत्या तेव्हा, ते आत शिरलं. त्या दिवसांत त्याला अंधारी, कोरडी, गार आणि वाऱ्यापासून आडोशाची जागा हवी असते. जंगलात ती झाडाच्या ढोलीत किंवा गुहेत मिळते. उन्हाळ्याच्या शेवटी तुमच्या पडद्याची चुणी, कपाटामागची फट किंवा माळ्याचा कोपरा त्याला तसाच वाटतो. तिथे ते पंख मिटून बसतं आणि तुमच्या लक्षातही येत नाही.

पुढे थंडी पडते, तुम्ही हीटर लावता. खोली 20 अंशांवर गेली की फुलपाखराला वाटतं, वसंत आला. ते जागं होतं, उजेडाकडे झेपावतं आणि काचेवर आदळत राहतं.

२. सगळी फुलपाखरं असाच हिवाळा काढतात का?

नाही, ही पद्धत थोड्यांचीच. थंड देशांतल्या बहुतेक जाती अळीच्या रूपात हिवाळा काढतात. ऑरेंज टिप कोषात असतं. ब्राउन हेअरस्ट्रीक तर अंड्यातच थांबतं. ब्लॅकथॉर्नच्या काटेरी फांदीवर ते टाचणीच्या डोक्याएवढं पांढरं अंडं अख्खा हिवाळा पाऊस-बर्फ सोसत चिकटून असतं. पेंटेड लेडी युरोपातून आफ्रिकेकडे निघून जातं, तर उत्तर अमेरिकेतली मोनार्क मेक्सिकोच्या डोंगरांत आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जातात. पूर्ण वाढ झालेल्या, पंखवाल्या अवस्थेत एका जागी बसून हिवाळा काढणाऱ्या जाती मोजक्याच आहेत. ब्रिमस्टोन त्यांपैकीच, पण ते घरात येत नाही. आयव्हीसारख्या सदाहरित पानांच्या आत ते असं काही बसतं, की पान कुठलं आणि फुलपाखरू कुठलं, कळत नाही.

३. मग घरात सापडतं ते कोणतं?

युरोपात असाल तर बहुधा दोघांपैकी एक. पहिलं स्मॉल टॉर्टॉइजशेल : वरून भगवं-नारिंगी, त्यावर काळे-पिवळे पट्टे, आणि पंखांच्या कडेला निळ्या चंद्रकोरींची झालर. दुसरं पीकॉक : विटकरी लाल, चारही पंखांवर मोरपिसासारखा एकेक डोळा. आपल्याकडे दिसणारं पीकॉक पॅन्सी ते हे नव्हे. नाव सारखं असल्यामुळे पुष्कळ जण गोंधळतात.

पंख मिटलेले असताना मात्र यातलं काहीच दिसत नाही. टॉर्टॉइजशेलची खालची बाजू सुक्या पानासारखी, आणि पीकॉकची जवळजवळ कोळशासारखी काळी. म्हणूनच तुम्ही महिनाभर त्याच पडद्याची दोरी ओढत असता आणि ते दिसत नाही.

उत्तर अमेरिकेत मिल्बर्ट्स टॉर्टॉइजशेल आणि कॉम्प्टन टॉर्टॉइजशेल ही त्यांची नात्यातली मंडळी अशीच हिवाळा काढतात. हिमालयातही इंडियन टॉर्टॉइजशेल आहे, तेही याच गोतावळ्यातलं. शेडमध्ये किंवा तळघरात एखादा केशरी-तपकिरी, पंखाची कडा खाचाखाचांची असलेला पतंग दिसला, तर तो हेराल्ड असू शकतो. तोही हिवाळा काढायलाच आलेला असतो, त्याला हलवू नका.

४. ते मेलंय की झोपलंय, कसं ओळखायचं?

जवळून बघा, पण श्वास लागेल इतकं जवळ नको. जिवंत फुलपाखरू छताला किंवा भिंतीला पायांनी घट्ट धरून असतं, पंख पाठीवर एकमेकांना चिकटवून मिटलेले, मिशाही पंखांच्या मध्ये दडवलेल्या. उभं चार पायांवर असतं. पुढचे दोन पाय या कुळात इतके आखूड झालेले असतात की ते छातीशी दुमडलेल्या केसाळ ब्रशांसारखे दिसतात. एखादा पाय तुटलाय असं समजून घाबरू नका.

मेलेलं सहसा जमिनीवर किंवा खिडकीच्या कठड्यावर आडवं पडलेलं असतं. पाय पोटाशी आवळलेले, शरीर वाळून चिपाड झालेलं. पण आडवं पडलेलं प्रत्येक फुलपाखरू मेलेलं नसतं. गार जागेत पकड सुटून पडलेलं फुलपाखरू तासन् तास हललं नाही तरी जिवंत असू शकतं. शंका असेल तर ते जिवंत आहे असंच धरून चला आणि गार जागी ठेवा. खात्री करायला म्हणून तळहातात धरून ऊब देऊ नका. ते जागं होईल, आणि तेच आपल्याला नको आहे.

पीकॉक असेल तर ते कधी कधी स्वतःच सांगतं. झोपेत धक्का लागला की ते पंख झटकन उघडतं, चार डोळे समोर येतात, आणि पंखांच्या शिरा एकमेकींवर घासून ते चक्क फुत्कार टाकतं. शांत खोलीत हा आवाज स्पष्ट ऐकू येतो, कागद कागदावर घासावा तसा. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हातातलं खोकं खाली ठेवलं होतं. काळोखात उंदराला डोळ्यांची नक्षी दिसत नाही, पण आवाज ऐकू येतो. तो आवाज त्याच्यासाठी.

५. या झोपेत शरीरात काय चालतं?

दिवस लहान होऊ लागले की फुलपाखराचं शरीर ती खूण ओळखतं. मादीत अंडी तयार होणं थांबतं, आणि खाल्लेला मकरंद चरबीच्या रूपात साठत जातो. रक्तात ग्लिसरॉलसारखे पदार्थ वाढतात, त्यामुळे पारा शून्याखाली गेला तरी शरीरातलं पाणी सहजासहजी गोठत नाही. म्हणजे थंडीची तयारी त्याने केलेली असते. उबेची मात्र केलेली नसते.

कीटकांच्या शरीराचा वेग बाहेरच्या तापमानावर ठरतो. दर 10 अंशांमागे तो साधारण दोन-तीन पट वाढतो. पाच अंशांच्या शेडमध्ये जी चरबी ऑक्टोबर ते मार्च पुरली असती, ती 20 अंशांच्या दिवाणखान्यात काही आठवड्यांत संपते, आणि बाहेर एकही फूल नसतं. वर हीटरची हवा कोरडी, त्यामुळे शरीरातलं पाणीही उडत जातं. घरात मरणारी फुलपाखरं थंडीने मरत नाहीत, ती उबेने मरतात. या पानावरचं एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी बाकीची बरीच उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

६. जागं होऊन खिडकीवर फडफडतंय. आता काय करू?

आधी खोलीतला हीटर बंद करा किंवा कमी करा, पंखा चालू असेल तर तोही बंद. घरात मांजर असेल तर तिला दुसऱ्या खोलीत न्या. मग एक रुंद तोंडाचा पेला किंवा डबा त्याच्यावर हलकेच ठेवा आणि काचेला लागून खालून जाड कागद सरकवा. घाई करू नका, पाय कागदाखाली अडकतात. ते काचेवर सैरावैरा धावत असेल तर खोलीत अंधार करा, थोड्याच वेळात शांत बसेल.

आता एक पुठ्ठ्याचं खोकं घ्या. बुटांचं चालेल. प्लास्टिकचा डबा किंवा काचेची बरणी नको, आत दमटपणा साचतो आणि गुळगुळीत भिंतीवर त्याला पाय रोवता येत नाहीत. खोक्यात फुलपाखरू सोडून झाकण लावा आणि खोकं घरातल्या सर्वांत गार जागी अर्धा तास ठेवा. अंधार आणि गारवा मिळाला की ते पंख मिटून शांत होतं.

अर्ध्या तासाने खोकं घेऊन न तापवलेल्या जागेत जा : शेड, गॅरेज, बंद पोर्च, माळा. झाकण उघडून खोकं भिंतीला किंवा छताला टेकवा आणि फुलपाखराच्या पुढ्यात बोट किंवा कागदाची कड धरून त्याला हळूच पुढे सरकवा. ते स्वतः भिंतीवर चढलं की उत्तम. जमलंच नाही तर खोकं तिथेच उंचावर, आडवं आणि अर्धवट उघडं ठेवून या. दिवसभरात ते आपली जागा शोधतं.

७. जागा योग्य आहे हे कशावरून ठरवायचं?

गार, अंधारी, ओल न येणारी, आणि वसंतात बाहेर पडायला वाट असलेली. शेवटची अट लोक विसरतात. मार्चमध्ये एखाद्या उबदार सकाळी ते जागं होईल तेव्हा दार बंद असेल, तर शेडच्या खिडकीवर आदळून आदळून तिथेच मरेल. दाराखाली बोटभर फट, तुटलेली जाळी, भिंतीचं भोक, काहीही चालेल. तसं काही नसेल तर मार्चपासून उन्हाच्या दिवशी दार उघडं ठेवायची आठवण फोनमध्ये लावून ठेवा.

आत उंदीर फिरत असतील तर दुसरी जागा बघा. झोपलेलं फुलपाखरू उंदराला आयतंच मिळतं. आणि जिथे ठेवणार त्या कोपऱ्यातली कोळ्याची जाळी आधी झाडून काढा.

८. मी फ्लॅटमध्ये राहतो. शेड नाही, गॅरेज नाही.

मग जिन्याखालची जागा, इमारतीचा न तापवलेला जिना, सायकली ठेवायची खोली, बंदिस्त बाल्कनी. शेजाऱ्यांना विचारायला संकोच करू नका. तेही नसेल तर घरातली सर्वांत गार खोली निवडा, तिथला हीटर बंद ठेवा आणि फुलपाखराला अर्धवट झाकलेल्या खोक्यात उत्तरेकडच्या खिडकीपाशी ठेवा. हिवाळ्याच्या शेवटी ऊन पडलेला, वारा नसलेला बरा दिवस मिळाला की त्या दुपारी बाहेर सोडा. ही तडजोड आहे, पण दिवाणखान्यात ठेवण्यापेक्षा त्याला यात जगण्याची संधी जास्त.

९. साखरपाणी द्यायचं का?

झोपलेल्याला नाही. त्याला भूक नसते, आणि पाजण्यासाठी उठवणं म्हणजे चरबी जाळायला लावणं.

दोन-तीन दिवसांहून जास्त काळ उबेत फडफडलेलं असेल, दमून खाली बसत असेल, तर गार जागी नेण्याआधी एकदा पाजायला हरकत नाही. एक चमचा साखर, दहा चमचे पाणी. कापसाचा बोळा भिजवून पिळा, म्हणजे थेंब साचणार नाहीत. मग फुलपाखराचे पुढे टेकलेले पाय त्या बोळ्यावर येतील असं बसवा. फुलपाखराला चव पायांनी कळते. गोडी लागली की घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड हळूहळू उलगडते, कापसावर इकडे-तिकडे चाचपते आणि मग एका जागी स्थिर होते. पाच-दहा मिनिटं ते तसंच पीत राहतं. सोंड आपणहून उलगडली नाही तर टाचणीने ओढून काढू नका.

मध देऊ नका. घट्ट असतो, पायांना-पंखांना चिकटतो. आणि साखरपाणी बशीत ओतून ठेवू नका. पंख एकदा चिकट झाले की ते पुन्हा नीट उघडत नाहीत.

१०. फ्रिजमध्ये ठेवलं तर?

दुसरी गार जागाच नसेल तर शांत करण्यापुरतं, खोक्यात घालून, अर्धा तास चालेल. अख्खा हिवाळा नको. फ्रिजमधली हवा फार कोरडी असते, दार उघडलं की दिवा लागतो, आणि घरातलं कुणीतरी खोकं डब्यांच्या खाली सरकवतं. फ्रीझरमध्ये कधीच नाही.

११. सरळ बाहेर सोडून दिलं तर?

बर्फ पडतोय, पाऊस आहे, रात्री पारा शून्याखाली जातोय, अशा वेळी नाही. उबेतून अचानक बाहेर गेलेलं फुलपाखरू आडोसा शोधण्याआधीच गारठून जमिनीवर पडतं, आणि पक्षी त्याला उचलतात. मला विचारणाऱ्यांपैकी बरेच जण हे करून मग विचारतात. हेतू चांगलाच असतो. पण फडफडणं म्हणजे ‘मला बाहेर सोडा’ नव्हे. ‘इथे फार गरम होतंय’ असा त्याचा अर्थ आहे.

१२. हात लावला तर मरतं ना?

नाही. बोटाला लागते ती रंगाची पूड म्हणजे पंखांवरचे बारीक खवले. थोडे गेले तर उडण्यात काही अडत नाही. तरीही पंख चिमटीत धरू नका, त्याला बोटावर चढू द्या.

१३. पंख फाटलाय. जगेल का?

बहुधा हो. कडेचा तुकडा गेलेली, चोचीचा त्रिकोणी घाव असलेली फुलपाखरं वसंतात बिनबोभाट उडतात. पंख पुन्हा वाढत नाही, पण त्याची त्यांना अडचणही फारशी होत नाही.

१४. माळ्यावर एकत्र आठ-दहा सापडली. काही गडबड आहे का?

उलट आनंदाची गोष्ट आहे. टॉर्टॉइजशेल आणि पीकॉक चांगली जागा मिळाली की गटाने बसतात. ती लाकूड खात नाहीत, कापड कुरतडत नाहीत, अंडी घरात घालत नाहीत. दिवा बंद करा आणि खाली या.

माळ्याचं काम काढायचंच असेल, म्हणजे इन्सुलेशन, रंग किंवा लाकडाला कीडनाशक फवारणं, तर ते मे-जूनमध्ये करा, तेव्हा ती गेलेली असतात. थांबणं शक्यच नसेल तर एकेकाला सहाव्या प्रश्नात सांगितल्याप्रमाणे हलवा, आणि फवारलेल्या जागी परत आणू नका.

१५. सरपणासोबत किंवा कुंडीसोबत कोष घरात आला आहे.

लगेच बाहेर, पण आडोशाला. उबेत राहिला तर फुलपाखरू जानेवारीतच बाहेर पडेल, आणि मग ना फूल, ना जोडीदार. कोष काडीला चिकटलेला असेल तर काडीसकट ठेवा. सुटून पडला असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात, खडबडीत काडी तिरकी टेकवून ठेवा. बाहेर पडल्यावर फुलपाखराला काहीतरी धरून लोंबकळत पंख वाळवावे लागतात. तेवढी जागा नसेल तर पंख चुरगळलेलेच राहतात.

१६. वसंतात सोडायचं कधी, आणि पुढे त्याचं काय होतं?

शेडला वाट असेल तर तुम्हाला काहीच करायचं नाही. नसेल तर मार्च-एप्रिलमध्ये, दुपारी 12-13 अंशांच्या वर पारा, स्वच्छ ऊन आणि वारा कमी असा दिवस निवडा.

मी पहिल्या वर्षी एक टॉर्टॉइजशेल हीटरशेजारी बरणीत ठेवलं होतं. रोज ताजं साखरपाणी दिलं, फुलं आणून ठेवली. दहा-बारा दिवसांत ते गेलं. मला तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं, आणि त्याचं वाईट आजही वाटतं. पुढच्या हिवाळ्यात सापडलेलं शेडच्या तुळईवर नेऊन बसवलं आणि नंतर हात लावला नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दार उघडलं तेव्हा ते उंबरठ्याच्या लाकडावर उन्हात येऊन बसलं होतं. आधी पंख मिटलेलेच, आणि सगळं अंग बारीक थरथरत होतं. ती थरथर थंडीची नसते, ते उडण्याचे स्नायू तापवत असतं. मग पंख पूर्ण उघडले. रंग जरा विटला होता, एका कडेला चिरा पडल्या होत्या. काही मिनिटं ते तसंच ऊन खात राहिलं आणि मग कुंपणावरून निघून गेलं.

पहिली भेट फुलांना : विलोचे तुरे, डँडेलियन, प्रिमरोझ. मग जोडीदार, आणि मग नेटलची खाजरी झुडपं. मादी कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला हिरव्या अंड्यांचा पुंजका घालते. टॉर्टॉइजशेलच्या पुंजक्यात साधारण 60 ते 100 अंडी असतात. त्या अळ्यांना नेटलशिवाय चालत नाही. तुमच्या शेडमध्ये हिवाळा काढलेली एक मादी म्हणजे पुढच्या उन्हाळ्याची एवढी फुलपाखरं.

१७. सगळं नीट केलं, तरी मेलं. माझं काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. जंगलातही त्यांतली कितीतरी वसंत बघत नाहीत. कुणी कमी चरबी घेऊन झोपलेलं असतं, कुणाला बुरशी धरते, कुणी उंदराच्या तावडीत सापडतं. तुम्हाला सापडेपर्यंत ते किती दिवस उबेत होतं हेही आपल्याला दिसलेलं नसतं.

१८. फुलपाखरांसाठी उभ्या फटी असलेली लाकडी पेटी मिळते, ती लावू का?

लावायची तर लावा, पण त्यात फुलपाखरू क्वचितच शिरतं. बहुधा कोळी आणि गांधीलमाशा राहायला येतात. त्याच पैशांत आयव्हीचा एक वेल आणि शेवंतीसारखी उशिरा फुलणारी अॅस्टरची रोपं लावा. सप्टेंबरमध्ये चरबी साठवायला त्यांचा मकरंद लागतो. बागेच्या उन्हाच्या कोपऱ्यात नेटल उगवलं असेल तर ते उपटू नका.

१९. पुढच्या वर्षी ही धावपळ टाळता येईल का?

बरीचशी. ऑगस्टपासून संध्याकाळी खिडक्या लावण्याआधी पडद्यांच्या चुण्या, पडद्याच्या दांडीच्या वरची भिंत आणि कपाटाची मागची बाजू बघत जा. वर्षातला पहिला हीटर लावायच्या आदल्या दिवशी हातात बॅटरी घेऊन हाच फेरफटका पुन्हा एकदा नीट मारा, छताचे कोपरेही सोडू नका. तेव्हा सापडलेलं फुलपाखरू अजून गाढ झोपलेलं असतं, चरबी शाबूत असते, आणि खोक्यात घेऊन शेडपर्यंत नेताना बहुतेक वेळा ते पंखही हलवत नाही.